शमीमभाभीचे हप्ते

"दोनशे. दीडशे. परत दोनशे. आणि हे बघा, शंभर! शंभर रुपये!"

आमच्या पतसंस्थेचे साहेब, भाभीनं दुसरीकडं घेतलेल्या कर्जाच्या कागदावर बोट फिरवत मोठ्यानं वाचत व्हते. केबिनचं दार उघडं. बाहेर बाकावर आठ-दहा माणसं बसलेली. शमीमभाभी टेबलासमोर उभी, डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून. मी तिच्या शेजारी.

"महिन्यात बारा वेळा पैसे भरलेत या बाईंनी. बारा वेळा! आणि तरी हप्ता लेट. असा एक महिना नाही, चौदा महिने. भाभी, ही काय दानपेटी आहे का? येता-जाता चिल्लर टाकायला?"

बाहेरची माणसं हसली. वसुलीचे दोघं हसले. चहा घेऊन आलेला शिपाई हसला.

मी बी हसले.

हे आधीच सांगून टाकते, कारण मागून सांगायची हिंमत राहील का न्हाई, कुणास ठाऊक. तोंडावर हात घेऊन हसले, मान खाली घालून हसले, पण हसले. साहेबांना दिसावं म्हणून हसले. मी तिच्या बाजूची न्हाई, तुमच्या बाजूची हाय, एवढंच मला दाखवायचं व्हतं.

आणि थोडं थोडं भरायची ती अक्कल शमीमभाभीला मीच दिली व्हती. चौदा महिने फोनवरचं बटण मीच दाबलं व्हतं.

भाभीनं माझ्याकडं एकदा बघितलं. मंग साहेबांना म्हणली, "माफ करा साहेब. आमाला समजत नाय." माझं नाव तिनं घेतलं न्हाई.

साहेबांनी फाईल मिटली. "क्रेडिट स्कोर बघा तुमचा. एवढ्यावर आम्ही कर्ज कसं देणार? पुढच्या वर्षी या."

मी आळेफाट्याच्या एका पतसंस्थेत पिग्मी गोळा करते. करत व्हते. अकरा वर्षं. पिग्मी म्हणजे रोजची बचत. गळ्यात छोटं मशीन अडकवायचं, फाट्यापासून आळे गावापर्यंत दुकान-दुकान हिंडायचं. सलूनवाला वीस देतो, वडेवाला शंभर, पंक्चरवाला त्याच्या मनात आलं तर पन्नास. पावती फाडायची, पुढचं दुकान. जमा व्हईल त्यावर कमिशन.

आमची वस्ती ओढ्याच्या पल्याड. तिथनं पतसंस्थेच्या आत कामाला गेलेली पहिली बाई मी. माझी आई ज्यांच्या वावरात निंदायला जायची, त्यांच्याच पोरांच्या दुकानात मी मशीन घेऊन जायची, आणि ती पोरं मला "या ताई" म्हणायची. आईला त्यांच्या बापांनी कधी नावानं बी धड हाक मारली न्हाई. त्यामुळं ते "ताई" मला कमिशनापरीस मोठं वाटायचं. ते जाऊ नये म्हणून मी लई काही गिळलंय.

साहेब त्याच वावरवाल्यांच्या घरातले. आईनं त्यांच्याच बांधावर भाकरी खाल्लेली, लांब बसून. मला लाईन, म्हणजे पिग्मी गोळा करायची ठरलेली दुकानं, दिली त्या दिवशी ते चारचौघांत म्हणले व्हते, "त्या वस्तीतली असून हिशोबाला पक्की आहे." मी घरी येऊन ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. कौतुक म्हणून! आई उठून चुलीपाशी गेली. मला तवा तिचा राग आला व्हता. आता माझाच येतो.

शमीमभाभीचं दुकान माझ्या लाईनीतलं. गाद्या-उशांचं. तिचा नवरा, आमी त्याला चाचा म्हणतो, कापूस पिंजायचा. तीस वर्षं कापसाचा भुगा छातीत गेला, आता चार पावलं चालला की दम लागतो. डॉक्टरनं सांगितलंय, कापसाजवळ जायचं न्हाई. मंग भाभीनं सगळं अंगावर घेतलं. खोळी शिवायला मोटारीचं मशीन घेतलं, एका फायनान्स कंपनीकडनं, हप्त्यावर. महिन्याला एकोणीसशे, दर पाच तारखेला तिच्या बँकेच्या खात्यातनं आपोआप कापायचे.

पण तिला खरं हवं व्हतं ते पिंजायचं मशीन. जुनं जळालं व्हतं. कापूस पिंजायला दुसरीकडं न्यावा लागायचा, त्यात टेम्पोवाला खायचा, पिंजणारा खायचा, हातात काही उरायचं न्हाई. त्यात यंदा निरगुडसरकडच्या एका वसतिगृहाला साठ गाद्या पाहिजे व्हत्या. वसतिगृहाचा माणूस दुकानात येऊन बोलून गेलेला. पुढची लग्नसराई बी व्हतीच. मशीन आलं की दुकान उभं राहणार, न्हाईतर बंद. एवढं सरळ व्हतं. मशीनसाठी पतसंस्थेचं कर्ज लागणार, आणि कर्जासाठी स्कोर, म्हणजे आधीचं कर्ज कसं फेडलं त्याचा नंबर.

म्हणून तिनं मला चौदा महिन्यांमागंच विचारलं व्हतं. शिवणाच्या मशीनचा पहिला हप्ता यायच्या आधीच.

"ताई, तुमी पतसंस्थेतल्या. हप्ता एकदम भरू का थोडा थोडा? स्कोर कशानं वाढतो?"

मला कुणी असं विचारलं की लई बरं वाटायचं. खरं सांगते. आमच्या घराण्यात कुणाला कधी कुणी काही विचारलेलं न्हाई. काम सांगितलं, विचारलं न्हाई. त्यामुळं "मला माहीत न्हाई" हे माझ्या तोंडातनं निघालंच न्हाई.

मी म्हणले, "भाभी, जितक्या वेळा भराल तितकं चांगलं. कंप्युटरला दिसतं ना, बाई सारखी भरतीये म्हणून. नंबर चढत जातो."

कुठनं आणलं हे? एक हिंदी व्हिडिओ बघितला व्हता. महिन्यातनं तीन-चार वेळा पेमेंट करा, स्कोर वर जातो, असं एक माणूस हातवारे करत सांगत व्हता. अर्धा बघितला. बाकी माझ्या धंद्यानं सांगितलं. पिग्मीत असंच असतं की! जो रोज भरतो तो चांगला, जो महिन्यातनं एकदा येतो त्याच्यावर आमचा भरवसा नसतो. मला वाटलं, पैशाची सगळी मशीनं सारखीच असणार.

मोठी शहाणी!

भाभीचा फोन साधा. म्हणून कंपनीला नंबर माझा दिला. ती गल्ल्यातनं पिग्मीचे वीस रुपये वेगळे द्यायची आणि हप्त्याचे दोनशे, दीडशे वेगळे. मी तिच्यासमोर फोनवरनं भरायची. ती दर वेळी विचारायची, "गेले का?" मी म्हणायची, "गेले, आणि नंबर बी वाढला असंल." ती हसायची. चाचा आतनं खोकत खोकत म्हणायचा, "ताई हाय म्हणून आपलं चाललंय."

हे आठवलं की आजबी मला मेल्याहून मेल्यासारखं व्हतं.

त्या दिवशी केबिनमधनं बाहेर आलो. फाट्यावर गाड्यांचा गोंगाट, नाशिककडं जाणारी, नगरकडं जाणारी, जो तो ओरडतोय. भाभी रस्त्याच्या कडंला थांबली. मला वाटलं आता बोलंल. बोलावं, शिव्या द्याव्या, चारचौघांत माझी लाज काढावी, असं मला वाटत व्हतं. मोकळी तरी झाले असते.

ती म्हणली, "तुमचं नाव मी नाय घेतलं. तुमची नोकरी हाय ताई."

एवढंच म्हणली आणि रस्ता ओलांडून गेली. तिनं मला वाचवलं व्हतं. मी तिला हसले व्हते, आणि तिनं मला वाचवलं.

दुसऱ्या दिवशी मी त्या फायनान्स कंपनीच्या मंचरच्या ऑफिसात गेले. काउंटरवर एक पोरगी बसली व्हती, माझ्या भाचीएवढी. कर्जाचा नंबर सांगितला, फोन दाखवला. तिनं पडद्यावर बघितलं.

"मावशी, हप्त्याच्या कर्जाला किती वेळा भरलं ते कुणी मोजत नाही. ठरल्या तारखेला पूर्ण हप्ता आला का, एवढंच बघतात. तुम्ही मधे मधे भरलेले पैसे बाजूला जमा राहतात. पाच तारखेला बँकेत एकोणीसशे मागितले जातात. खात्यात पैसे नाहीत, म्हणून हप्ता परत जातो. त्याला दंड. दंड तुमच्या त्या बाजूच्या पैशातनं कापला जातो. मग हप्ता परत अपुरा. दर महिन्याला तेच झालंय."

मी म्हणले, "पण व्हिडिओत सांगितलं व्हतं..."

"ते क्रेडिट कार्डाचं असेल. कार्डाला बिल निघायच्या आत थोडं थोडं भरलं तर बाकी कमी दिसते, त्याचा थोडा उपयोग होतो. पण किती वेळा भरलं, याचे मार्क तिथंही नाहीत. तारीख सगळीकडं पाळावीच लागते."

दोन मिनिटं लागली. चौदा महिने मी जे विचारलं न्हाई, ते कळायला दोन मिनिटं लागली. बँकेतच पैसे ठेवले असते, पाच तारखेच्या आत, एकदाच, तर काही झालं नसतं. तेच पैसे, तीच बाई, तोच महिना.

मंग ती पोरगी म्हणली, "तुम्हाला मेसेज आले असतील ना दर वेळी?"

आले व्हते. माझ्या फोनवर. मंचरच्या स्टँडवर बसून मी एकेक उघडला. इंग्रजीत व्हते. मी बारावी पास हाय. अडखळत का व्हईना, मला वाचता येतं. कंपनीचं नाव दिसलं की मी पावती समजून सोडून द्यायची.

आणि हे बी खोटं हाय. सगळे सोडले न्हाईत. तिसऱ्या महिन्यातला एक मी तेव्हाच वाचला व्हता. हप्ता परत गेला, दंड लागला, असं त्यात व्हतं. मी तो दोनदा वाचला. साहेबांना विचारावं असं मनात आलं. केबिनच्या दारापर्यंत गेले बी. मंग वाटलं, ते म्हणतील, "अकरा वर्षं इथं आहेस आणि एवढं कळत नाही?" सगळ्यांसमोर म्हणतील. मी दारातनं मागं फिरले. पुढचे अकरा महिने गप बटण दाबत राहिले. एका माणसाच्या टोमण्याला भिऊन मी दुसऱ्या बाईचं दुकान बुडवलं. आडाणी असते तर माफ असतं. मी आडाणी नव्हते. मी भित्री व्हते.

त्यानंतर आठ दिवस मी भाभीच्या दुकानावरनं गेले न्हाई. मागच्या आळीतनं वळसा घालून जायची. तिचे पिग्मीचे रोजचे वीस रुपये भरायचे राहिले, माझं त्यावरचं कमिशन बी बुडालं. एक दिवस सलूनवालाच म्हणला, "ताई, शमीमभाभीची साठ गाद्यांची ऑर्डर गेली की. मंचरच्या कुणीतरी घेतली. म्हातारा परत कापसात बसलाय, काठीनं झोडतोय. बाई नको म्हणती, ऐकत न्हाई."

मी मशीन गळ्यातनं काढून त्याच्या खुर्चीवर ठेवलं आणि पाणी मागितलं.

महिनाअखेरीला आमा पिग्मीवाल्यांची मीटिंग असते. वरच्या हॉलमधी. चौदा जण, त्यात आमी तीन बाया. साहेब त्या दिवशी खुशीत व्हते. वसुली चांगली झालेली.

म्हणले, "आता जरा गंमत ऐका. आपल्या ताईंच्या लाईनीत एक सभासद आहे. हप्ता कसा भरते माहितीये का? ताई, तूच सांग. त्या दिवशी तू पण हसत होतीस. सांग, सांग."

सगळे माझ्याकडं वळले. काही जण आधीच हसायला लागलेले. मी उभी राहिले. बोलायचं ठरवून गेले नव्हते, हे बी सांगते. मी काही शूर न्हाई. पण "सांग, सांग" म्हणताना त्यांनी हाताचा जो इशारा केला ना, तसाच इशारा करून त्यांचे वडील माझ्या आईला अंगणात बोलवायचे, आणि एखादं गाणं म्हणायला लावायचे, पाव्हण्यांसमोर. आई म्हणायची. मी तिच्या लुगड्याला धरून उभी असायची.

मी म्हणले, "साहेब, यात गंमत न्हाई. थोडं थोडं भरा असं त्यांना मी सांगितलं. बटण मी दाबलं. मेसेज माझ्या फोनवर आले. एक मी वाचला बी व्हता, आणि बोलले न्हाई. त्या बाईनं चौदा महिन्यांत एक महिना पैसे दिल्याबिगर सोडला न्हाई. चूक माझी हाय."

हसणाऱ्यांनी माना खाली घातल्या.

साहेब म्हणले, "खाली ये."

खाली केबिनमधी त्यांनी दार लावून घेतलं. त्या दिवशी मातर लावून घेतलं. म्हणले, "तुमच्या लोकांना दोन अक्षरं आली की लगेच सल्ले द्यायला सुरुवात. कुणी सांगितलं होतं तुला? आता उद्या ती बाई संस्थेवर तक्रार करेल."

"करू द्या," मी म्हणले. "आमाला तरी कुणी कधी बसवून सांगितलं? कर्जाची गिऱ्हाइकं आणा, कर्जाची गिऱ्हाइकं आणा, एवढंच सांगितलं. तारीख, हप्ता, स्कोर, एक शब्द न्हाई. तिची फाईल नाकारली तवा कुठं चुकलं हे तुमाला कागदावर दिसत व्हतं. तिला सांगितलं का? दानपेटी म्हणलात."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं टेबल बोललं. मंग आवाज खाली आणला. कोरा कागद पुढं सरकवला.

"हे बघ, तुझं नुकसान मला करायचं नाही. लिहून दे. सभासदाला सगळं नीट समजावून सांगितलं होतं, तरी तिनं ऐकलं नाही. सही कर. तुझी लाईन तुझ्याकडं राहील. मी आजची गोष्ट विसरलो."

पेन माझ्या हातात व्हता. मी खोटं सांगणार न्हाई, क्षणभर मी विचार केला. लाईन गेली तर काय खाणार? पोराची फी, आईच्या गोळ्या. त्यात "ताई" जाणार. ओढ्याच्या पल्याड परत नुसती बाई व्हणार. एक सही, आणि सगळं जागच्या जागी.

म्हणजे मी सांगितलेलं ऐकून तिचं नुकसान झालं, आणि तिनं ऐकलं न्हाई असं मीच लिहून द्यायचं. हसण्यापुढची पायरी व्हती ही. ती मला चढता आली न्हाई. पेन टेबलावर ठेवला.

"मी लिहून देते," मी म्हणले, "पण खरं काय झालं ते. आणि त्याची एक प्रत भाभीच्या फाईलीला लावायची."

"मशीन ठेव इथं," साहेब म्हणले.

मी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मोकळ्या गळ्यानं मी माझ्या लाईनीत गेले. पहिली शमीमभाभीकडं. चाचा आत कापसात बसलेला, तोंडाला फडकं बांधून. मी उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिले आणि सगळं सांगितलं. तिसऱ्या महिन्यातला मेसेज बी सांगितला. ते सांगताना मला रडू आलं. भाभी खोळ शिवत व्हती. तिनं मशीन थांबवलं न्हाई. शिवण संपल्यावर दोरा तोडला आणि म्हणली, "आता सांगून ऑर्डर परत येती का?"

मी म्हणले, "न्हाई."

"मंग रडू नका इथं. गिऱ्हाईक येतं."

बरोबर व्हतं तिचं. मी तिथंच तिच्याकडनं कंपनीकडं दिलेला फोन नंबर बदलायचा अर्ज भरून घेतला. आता मेसेज तिच्या कॉलेजातल्या पोरीनं नुकत्याच घेतलेल्या फोनवर जातात. हप्त्याचे पैसे ती स्वतः बँकेत नेऊन ठेवते, दोन तारखेलाच, एकदम. स्कोर लगेच चढत न्हाई. मंचरची पोरगी म्हणली व्हती, चांगले महिने एकामागं एक जावे लागतात. यंदाची लग्नसराई गेली. चाचा अजून झोडतोय. ती मला दुकानात बस म्हणत न्हाई, आणि मी बसत न्हाई.

मंग बाकीच्या दुकानात गेले. हे सगळ्यात जड गेलं. सलूनवाला, वडेवाला, चपलांचा दुकानदार, ज्यांच्या ज्यांच्यापुढं मी तीच अक्कल पाजळली व्हती, त्यांच्यासमोर उभं राहून म्हणायचं, मी चुकीचं सांगितलं. दोघं-तिघं हसले. एकानं "आता ताई राहिल्या न्हाईत ना तुमी" म्हणून सरळ नावानं हाक मारली. चपलांच्या दुकानदाराचे तीन हप्ते असेच लेट निघाले. तो लई बोलला मला. मी ऐकून घेतलं. तारीख, पूर्ण हप्ता, बँकेत आधी पैसे, एवढं त्याच्याकडनं परत म्हणवून घेतलं आणि मंगच पुढं गेले.

लाज अजून हाय. जाईल असं वाटत न्हाई, जावी असं बी वाटत न्हाई. पण अकरा वर्षं मला जी लाज वाटत व्हती ती वस्तीची, आईची, इंग्रजी धड न येण्याची. ती साहेबांनी दिलेली व्हती. ती मी टाकली. उरली ती माझ्या करणीची. ती माझी हाय, आणि ती घेऊन मी कुठंबी उभी राहू शकते.

मी त्या पतसंस्थेत नोकर न्हाई, पण सभासद हाय. शंभर रुपयांचा शेअर माझ्या नावावर हाय. वार्षिक सभेला सभासदाला प्रश्न विचारता येतो, आधी लेखी द्यावा लागतो. मी दिलाय. पोच घेतलीय, शिक्का मारून. चौदा महिने पैसे भरणाऱ्या बाईला तुमी कुठं चुकलं हे का सांगितलं न्हाई, आणि कर्जाच्या अर्जावर मोठ्या अक्षरात, मराठीत, हे का छापत न्हाई की किती वेळा भरलं याला किंमत न्हाई, तारखेला पूर्ण भरलं याला हाय.

शमीमभाभी सभेला येणार का, मी विचारलेलं न्हाई. माझ्यासाठी तिनं यावं, एवढं माझं तोंड न्हाई. समोर साहेब असतील, संस्थेचे चेअरमन असलेले त्यांचे काका असतील, पुढच्या रांगेत सगळी त्यांचीच माणसं. मी उठणार, आधी माझी चूक सांगणार, आणि मंग प्रश्न वाचणार. उत्तर काय बी देऊ देत. माझी चूक आणि त्यांचं उत्तर, दोन्ही सभेच्या इतिवृत्तात लिहून घेतल्याबिगर मी माईक सोडणार न्हाई.